रेकॉर्ड कोणी उलटायची

एप्रिल लागला की लालबागच्या मसाला गल्लीत माझं पहिलं काम म्हणजे शिंकणं. दादरला राहायला गेले त्याला बरीच वर्षं झाली. आमच्या सोसायटीत मसाल्याची तयार पाकिटं दारात येऊन पडतात आणि ती बरी असतात असं माझा मुलगा ओंकार मला दर उन्हाळ्यात समजावतो. तरी मी पिशव्या घेऊन इथे येते. बेडगी घेते, संकेश्वरी घेते, दगडफुलाचा वास घेऊन ते परत ठेवते. खरेदी हे निमित्त आहे, हे दुकानदारालाही कळलं असावं. मिरच्या निवडण्यापेक्षा जास्त वेळ मी मसाला कुटायच्या डंखांसमोर उभी असते. लोखंडी मुसळ वर जातं, खाली येतं. धप्प, धप्प, मध्ये जरा दम घेतल्यासारखं, पुन्हा धप्प. मला त्यात टाळ्या ऐकू येतात. टाळ्या, पाय आपटल्याचा आवाज आणि मग एका माणसाचा जाडाभरडा गळा, परक्या भाषेत काहीतरी पुकारणारा.

ते गाणं इंग्रजी आहे. मिरच्यांच्या खाटात इंग्रजी गाणं आठवणारी बाई ह्या गल्लीत मी एकटीच असेन, आणि त्याला जबाबदार दोन माणसं. एक माझे बाबा, परब. दुसरे त्यांचे दोस्त, गंगुर्डे काका. दोघं एकाच गिरणीत, कापड विणायच्या खात्यात, शेजारशेजारच्या मागांवर. मागाला ते साचा म्हणायचे. साच्यांच्या खडखडाटात माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून त्या खात्यातली माणसं हातांनी बोलत. चहाला चल, साहेब येतोय, पोरीला ताप आहे, सगळ्याला खूण होती. पंजा आडवा धरून हवेत थांबवला की दोरा तुटलाय, साचा बंद कर. घरी बसल्यावरही दोघं निम्मं हातांनी बोलायचे आणि निम्मं ओरडून, कारण कान दोघांचेही अर्धे गेलेले होते.

गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, होळीपर्यंत मिटेल. पहिल्या उन्हाळ्यात आमची लालबागची चाळ अर्धी रिकामी झाली. पुरुष गावाला गेले, बाबाही मालवणकडे जाऊन काजू गोळा करत बसले. दुसऱ्या उन्हाळ्यात मात्र ते गेले नाहीत. गावाला लोक विचारायचे, कधी मिटणार, आणि बाबांजवळ सांगायला काही नव्हतं. मी बोलतेय तो हा दुसरा उन्हाळा. माझी आठवीची परीक्षा झाली होती आणि मी दिवसभर घरात होते. बाबाही दिवसभर घरात होते, आणि त्यांना भर दुपारी जागं बघायची मला सवयच नव्हती. पाळीवरून आलेला माणूस दुपारी झोपलेला असतो, हे मला माहीत होतं. हा माणूस गॅलरीच्या कठड्याला टेकून नुसता उभा असायचा. गिरणीचा भोंगा वाजत नव्हता तरी त्याच्या वेळेला बाबांची मान त्या बाजूला वळायची.

आईने त्या उन्हाळ्यात मसाला गल्लीत मिरच्यांची देठं खुडायचं काम धरलं होतं. गल्लीतल्या बऱ्याच बायका करायच्या, तशी तीही. संध्याकाळी घरी आली की तिची बोटं लाल झालेली असत. ती वाटीत खोबरेल तेल घेऊन त्यात हात बुडवून बसायची. भात मी वाढायचे, कारण तिचा हात लागला तर भात तिखट लागायचा. ह्यावर आम्ही हसायचोसुद्धा. बाबा हसायचे नाहीत.

रेकॉर्ड आणली गंगुर्डे काकांनी. ते भायखळ्याला राहायचे. त्यांच्या चाळीमागच्या बंगलीतलं एक ख्रिस्ती कुटुंब परदेशी निघालं, तेव्हा त्यांनी सामान वाटून टाकलं. कोणी कपाट उचललं, कोणी पंखा. काकांनी उचलली एक लहानशी रेकॉर्ड, आणि तीही पाकिटावरच्या चित्रासाठी. चित्रात एक गोरा माणूस होता. तोंडाला चंदेरी रंग, एका डोळ्याभोवती लाल चांदणी, अंगात चमचमता झगा, पायात वीतभर टाचांचे बूट. बाबांनी ते पाकीट हातात घेतलं आणि कितीतरी दिवसांनी हसले.

"ह्यो तर आमच्या दशावतारातलो राजा," ते म्हणाले. "मुकुट तेवढो घरी इसारलो."

"राजा कसला, परबा? आमच्याकडं तमाशात असले रंगवलेले शेकड्यानं बघितलेत," काका म्हणाले. ते नाशिककडचे. "लाव, बघू तरी बोलतो काय."

लावायला चाळीच्या गणपती मंडळाचा रेकॉर्ड प्लेअर होता. बाबा भजनात मृदंग वाजवायचे, त्यामुळे मंडळाच्या खोलीची चावी त्यांच्याकडे असायची. त्यांनी तो प्लेअर उन्हाळ्यापुरता आमच्या खोलीत आणला. त्यावर आरत्यांच्या आणि अभंगांच्या मोठ्या रेकॉर्डी सोडून कधी काही लागलेलं नव्हतं. बाजूला एक कळ होती, ती गंजून एका जागी बसली होती, आणि तिच्यावाचून कोणाचं काही अडलेलं नव्हतं.

रेकॉर्डच्या एका बाजूला टाळ्यांचं गाणं होतं. आधी नुसत्या टाळ्या आणि पायांचे ठोके, पालखी उचलायच्या आधी भोई जागच्या जागी पाय टाकतात तसे. मग करवतीसारखी गिटार. मग तो माणूस एक ओळ फेकायचा आणि मागचा घोळका ती झेलायचा. हे बाबांचं गाणं झालं, पहिल्याच दुपारी. दुसऱ्या बाजूला पियानोवर एक माणूस स्वतःशीच बोलल्यासारखा सुरू व्हायचा. हळूहळू एकेक वाद्य त्याला येऊन मिळायचं, आवाज चढत जायचा, आणि शेवटाकडे तर असं वाटायचं की हा माणूस भरलेली बादली घेऊन चौथ्या माळ्यावर निघालाय, पोचतो की नाही देव जाणे. हे काकांचं. काका वस्तीतल्या गायन पार्टीत पेटीवर असायचे. ताल त्यांना कळायचा, पण जीव सुरात होता.

त्या दिवसापासून वाद लागला, आणि तो महिनाभर रोज दुपारी चालला. काकांनी नियम घालून दिला. एक गाणं लागोपाठ दोनदा लावायचं नाही. आणि ज्याचं गाणं संपेल त्यानेच उठायचं, आपल्या हाताने रेकॉर्ड उलटायची आणि समोरच्याचं लावायचं. "समोरच्याचं आपल्या हातानं लावून ऐकायचं," ते म्हणायचे, "नायतर ती नुसती बोंबाबोंब."

"तुझ्या गाण्यात आहे काय?" काका विचारायचे. "टाळ्या वाजव, पाय आपट. पुढं?"

"पुढे काय व्हया? बुवा ओळ घालता, मागचे झेलतत. भजन ह्येकाच म्हणतत. तुझो तो एकटोच कण्हता."

"कण्हत नाय, सांगतोय. ह्याला काहीतरी सांगायचंय. तुझ्यावाल्याला नुसते लोक जमवायचेत."

"जमल्याबिगर सांगतलो कोणाक?"

ह्यावरचं काकांचं उत्तर मला आठवतंय. ते म्हणाले, "जमवून झालेत रे लोक. दीड वर्ष जमलेत." आणि उठून आपल्या गाण्याची बाजू उलटून त्यांनी बाबांचं गाणं लावलं.

अर्थ सांगायची जबाबदारी माझ्यावर होती, कारण घरात इंग्रजी शिकणारी मीच. मला एक शब्द कळायचा नाही. शब्द असे लांबत जायचे की गाणाऱ्याच्या तोंडात पिठाचा गोळा असावा. "मग बाई शाळेत शिकवतात काय?" काका मला विचारायचे, आणि बाबा माझी बाजू घेऊन म्हणायचे की ह्या साहेबाचं इंग्रजीच गावंढळ आहे. आईला एका संध्याकाळी दोघांनी पंच नेमलं. तिने तेलाच्या वाटीतून हात न काढता दोन्ही गाणी ऐकली आणि म्हणाली, "माका दोनय एकच दिसतत. एक आधी ओरडता, एक मागसून." तिला पंचपदावरून तिथल्या तिथे काढण्यात आलं.

मला कधीकधी वाटतं, त्या महिन्यात चाळीतल्या कुठल्याही घरापेक्षा आमच्या घरात जास्त भांडण होतं आणि जास्त सुख होतं. संपावर बोलायचं म्हटलं की माणसं एकमेकांची तोंडं चुकवत होती. काही गिरण्यांचे दरवाजे किलकिले झाले होते, कोण आत गेला, कोण जाणार, ह्याची कुजबुज चाले. आमच्याकडे मात्र दोन जाणती माणसं एका रंगवलेल्या गोऱ्यासाठी घसा फोडत होती. हा वाद असा चालू राहील तोवर दुसरा वाद घरात शिरणार नाही, असं दोघांनाही वाटत असावं.

तो शिरलाच. मे महिना संपत आला होता. काकांचं गाणं लागलेलं होतं, बादली तिसऱ्या माळ्यावर पोचली असेल. बाबा खाली बघत म्हणाले, "उद्यापास्ना जातंय मी. आत."

काकांना ऐकू आलं नसेल असं मला वाटलं. पण त्यांना ऐकायची गरज नव्हती, ते ओठ वाचायचे. त्यांनी उजवा पंजा आडवा धरला आणि हवेत थांबवला. बाबांनी मान हलवली. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. गाणं शेवटपर्यंत वाजलं. संपल्यावर पिन शेवटच्या खाचेत खरखरत राहिली. काका उठले. मला वाटलं रेकॉर्ड उलटायला उठले. त्यांनी चपला घातल्या आणि जिना उतरून गेले.

बाबांनी कारण सांगितलं नाही. आईच्या हातांचं नाव त्यांनी काढलं नाही, आणि काकांनी विचारलं नाही. दोन माणसं साच्यांच्या गोंगाटात वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलली, आणि खोलीत शांतता असताना त्यांना हे जमलं नाही. मला ह्याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

पुढचं सगळ्या गिरणगावाला माहीत आहे. संप मिटला असं कोणी कधी सांगितलं नाही. बाबा काही वर्षं कामावर गेले, मग ती गिरणीही बंद पडली, मग ते वरळीला एका इमारतीत वॉचमन झाले. काका बाहेरच राहिले. त्यांनी भायखळ्याच्या बाजारात भाजी विकली, पुढे कुठल्याशा कंपनीत शिपाई झाले. लालबागच्या नाक्यावर कधी समोरासमोर आले तर दोघांपैकी एकजण रस्ता ओलांडायचा. सगळ्यांना घेऊन गाणारं गाणं ज्यांचं होतं ते एकटे आत गेले, आणि एकट्याचं गाणं ज्यांचं होतं ते सगळ्यांबरोबर बाहेर राहिले. हे मला फार पुढे सुचलं आणि सुचलं म्हणून काही बरं वाटलं नाही.

मंडळाने कॅसेटचं यंत्र घेतलं तेव्हा जुना प्लेअर कोणाला नको होता, तो आमच्याच घरी राहिला. रविवारी कधीतरी बाबा ती रेकॉर्ड लावायचे. नेहमी एकच बाजू, काकांची. गाणं संपायचं, पिन खरखरायची, बाबा ती खरखर जरा वेळ ऐकत बसायचे आणि मग पिन उचलून ठेवायचे. मला वाटायचं, त्यांना अखेर पटलं, काकांचंच गाणं सरस. एकदा मी टाळ्यांचं गाणं लावावं म्हणून हात पुढे केला, तर म्हणाले, "ऱ्हवांदे." इतकंच. बाबा गेले तेव्हा काका आले होते. आईसमोर बसून पाणी प्यायले. निघताना कोपऱ्यातल्या प्लेअरकडे त्यांनी एकदा पाहिलं. नंतर आईही गेली, चाळ पाडली, आणि ती रेकॉर्ड माझ्याबरोबर दादरला आली.

दोन वर्षांमागे ओंकारने नवा रेकॉर्ड प्लेअर घेतला. हल्ली पुन्हा फॅशन आली आहे म्हणे. मी मोठ्या उत्साहाने आमची रेकॉर्ड त्याला दिली. त्याने लावली, आणि मी म्हटलं, तुझं यंत्र बिघडलंय, परत देऊन ये. टाळ्या पळत होत्या. गाणारा जाड आवाजाचा राहिला नव्हता, चांगला पातळ, खट्याळ पोरगा झाला होता. ओंकारने कळ दाखवली. लहान रेकॉर्ड जास्त वेगाने फिरवायची असते, मोठी कमी वेगाने. आमच्या मंडळाची कळ आरत्यांच्या वेगावर गंजलेली. म्हणजे तो अख्खा महिना आम्ही ती गाणी अभंगाच्या वेगाने ऐकली होती. ओंकार हसून लोळला. मीही हसले, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिले. बाबांना हे कधीच कळणार नव्हतं.

ह्या प्रकाराला ग्लॅम रॉक म्हणतात, हे मला ओंकारनेच सांगितलं. दोन्ही गाणी त्या काळी गाजलेली. मोबाईलवर गाण्याखाली लोक अजून लिहून लिहून भांडतात, ह्यातलं श्रेष्ठ कोणतं. मी ते सगळं वाचलं. काही जण बाबांच्या बाजूचे, काही काकांच्या. पण त्यातला एकही आमच्यातला नव्हता, कारण आमची गाणी त्यांनी ऐकलेलीच नव्हती. आता माझं मत विचाराल तर, खऱ्या वेगाने टाळ्यांचं गाणं सरस आहे. त्यात मजा आहे, आणि मजेपलीकडे त्याला काही नको आहे. काकांचं गाणं त्या वेगाने घाईत वर चढतं, बादली रिकामी असल्यासारखं. पण आमच्या वेगाने ऐकलं तर उलट. टाळ्या जड होतात, माणसं ओझं उचलून चाललीत असं वाटतं आणि कंटाळा येतो. काकांचं गाणं मात्र पायरी पायरी चढतं आणि पोचेपर्यंत आपलाही श्वास अडकतो. म्हणजे दोघंही बरोबर होते. पण हे सांगायला आता एकटे काकाच उरले होते, आणि त्यांच्याकडे जायचा मला धीर नव्हता.

ह्या एप्रिलमध्ये मसाला गल्लीत गंगुर्डे काकांची मुलगी सुजाता भेटली. आम्ही दोघी शिंकत होतो, म्हणून तिने आधी मला ओळखलं नाही. "बाबा आहेत गं," ती म्हणाली. "कानाला मशीन आहे, पण लावत नाहीत. ये ना घरी." मी मिरच्यांच्या पिशव्या घेऊन तशीच तिच्याबरोबर भायखळ्याला गेले.

काका खिडकीशी खुर्चीत होते. फार लहान झाले होते. "परबाची बेबी," सुजाताने त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं. त्यांनी मला न्याहाळलं, आणि म्हणाले, "हातात मिरच्या हायेत वाटतं." मग त्यांनी खिशातून मशीन काढून कानाला लावलं.

मी मोबाईलवर त्यांचं गाणं लावलं, खऱ्या वेगाने. त्यांनी थोडं ऐकलं आणि मान हलवली. "हे ते नाय. हा घाईत हाये." मग मी गंजलेल्या कळीची गोष्ट सांगितली. दोनदा सांगावी लागली. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"म्हंजे परब अन् मी ज्याच्यावरनं भांडलो, ते गाणं नव्हतंच कुठं?"

"आपल्या खोलीत होतं, काका."

मोबाईलवर वेग कमी करता येतो, हेही ओंकारने शिकवलंय. मी तो कमी केला. आवाज तेव्हाइतका जाड झाला नाही, पण ती संथ चाल आली. पियानो एकेक पाऊल टाकू लागला. काकांनी मोबाईल माझ्या हातातून घेतला आणि मांडीवर धरून ठेवला.

गाणं चालू असतानाच मी सांगितलं. बाबा आत गेले ते आईच्या त्या लाल हातांपायी, तेलाच्या त्या वाटीपायी, हे सांगितलं. बाबा रविवारी काय लावायचे ते सांगितलं, आणि गाणं संपल्यावर खरखर ऐकत बसायचे पण बाजू कधी उलटायचे नाहीत, मलाही उलटू द्यायचे नाहीत, हेही. सांगता सांगता मलाच पहिल्यांदा कळलं. बाबांना काकांचं गाणं पटलं म्हणून ते लावत नव्हते. नियमाने ती रेकॉर्ड काकांनी उलटायची होती. ते थांबले होते.

काका माझ्या ओठांकडे बघत होते. गाणं चौथ्या माळ्यावर पोचलं.

"मिरच्यांचं बोलला नाय मला," ते म्हणाले. मग मांडीवरच्या मोबाईलकडे बघत, "मी विचारलं पण नाय." त्यांचे डोळे भरले होते, आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

गाणं संपलं. सुजाता चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली. मी मोबाईल घ्यायला हात पुढे केला, तर काकांनी तो आपल्याकडे ओढला.

"तू नको. माझं काम हाये ते." मोबाईल त्यांनी पालथा केला, पाठ बघितली, पुन्हा सरळ केला. "ह्याला उलटतात कसं?"

मी कुठे दाबायचं ते दाखवलं. त्यांचं बोट पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा लागलं, आणि टाळ्या सुरू झाल्या.